पहाटेच्या धुनेमागचा निर्वासित

यवतमाळ, पुसद, दारव्हा, वणी या गावांतील जुन्या पिढीची पहाट रेडिओच्या एका धुनेने उजाडत असे. तंबोऱ्याच्या झंकारावर तरळणारी, शिवरंजनीच्या वळणाची व्हायोलिनची ती छोटीशी सुरावट. १९४८ मध्ये नागपूर केंद्र सुरू झाले आणि ती विदर्भात घरोघरी पोहोचली. पुढे यवतमाळलाही आकाशवाणीचे केंद्र आले. या धुनेचे श्रेय इतरांनाही दिले जाते. पण तिचा कर्ता म्हणून प्रामुख्याने नाव घेतले जाते ते वॉल्टर कॉफमन यांचे.

कॉफमन यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी बोहेमियातील कार्ल्सबादचा. कुटुंब ज्यू. बर्लिनमध्ये संगीताचे शिक्षण घेऊन त्यांनी प्रागच्या जर्मन विद्यापीठात प्रबंध सिद्ध केला. परंतु आपले मार्गदर्शक प्राध्यापक नाझींच्या गोटात सामील असल्याचे कळताच त्यांनी ती पदवीच नाकारली. एवढा ताठ कणा घेऊन त्या काळच्या युरोपात राहणे अवघडच होते. १९३४ मध्ये ते मुंबईस आले.

भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका प्रथम ऐकल्या तेव्हा त्यांना त्यात काहीच उमजेना. मात्र लक्षावधी माणसे ज्यात रमतात ते संगीत निरर्थक कसे असेल, उणीव आपल्या कानांतच असली पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. परक्या देशात नुकत्याच उतरलेल्या कलावंताला हे सुचावे, हे विशेषच.

त्याच वर्षी त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. चेंबर म्युझिक म्हणजे पाश्चात्त्यांची बैठकच: मोजके वादक, लहान दालन, जाणते श्रोते. विलिंग्डन जिमखान्यात दर आठवड्याला त्यांच्या मैफली होत. कॉफमन पियानोवर, मेहली मेहता व्हायोलिनवर आणि एडिजिओ वर्गा चेलोवर. स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो असे चौघे असतात. रूढ बांधणीत तिच्या चार मूव्हमेंट: पहिली बहुधा जलद, मग एक संथ, एक नृत्याच्या चालीची आणि शेवटची पुन्हा वेगवान. आपल्याकडे विलंबित ख्यालानंतर द्रुत बंदिश येते, तसाच हा लयीचा प्रवास. मात्र राग एकच न राहता प्रत्येक भागाला स्वतंत्र सुरावट असते. कॉफमन यांच्या या काळातील चेंबर रचनांत भारतीय स्वरांची छाया स्पष्ट जाणवते.

१९३७ पासून ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. १९४६ मध्ये त्यांनी भारत सोडला. इंग्लंडमार्गे ते कॅनडात गेले, विनिपेगच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राचे संचालक झाले आणि १९५७ पासून अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले. एकेकाळी न उमजलेल्या त्या संगीतावरच त्यांनी उत्तर आणि दक्षिण भारतीय रागांचे दोन बृहद्ग्रंथ १९६८ व १९७६ मध्ये प्रसिद्ध केले.

१९८४ च्या सप्टेंबरात ब्लूमिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या निवडक क्वार्टेट आणि सोनाटांची ध्वनिमुद्रिका कॅनडातील वादकांनी काढली ती २०२० मध्ये, मृत्यूनंतर ३६ वर्षांनी.