हॅरल्ड स्टर्लिंग व्हँडरबिल्ट

हॅरल्ड स्टर्लिंग व्हँडरबिल्ट (जन्म : ओकडेल, न्यू यॉर्क राज्य, ६ जुलै १८८४, मृत्यू : न्यूपोर्ट, ऱ्होड आयलंड, ४ जुलै १९७०) हे अमेरिकन रेल्वे उद्योजक, शिडाच्या नौकांच्या शर्यतींतील नामवंत कप्तान आणि काँट्रॅक्ट ब्रिज या पत्त्यांच्या खेळाचे जनक होते. ऑक्शन ब्रिज आणि प्लाफाँ या दोन प्रचलित खेळांचा मेळ घालून त्यांनी १९२५ साली एका सागरी प्रवासात नवी गुणपद्धती तयार केली. जगभर आज ‘ब्रिज’ म्हणून ओळखला जातो तो हाच खेळ होय. या खेळाच्या पूर्वपीठिकेत भारताचा, विशेषतः पुणे शहराचाही वाटा आहे.

कुटुंब आणि शिक्षण

व्हँडरबिल्ट हे अमेरिकेतील अतिशय धनाढ्य घराणे होते. हॅरल्ड यांचे पणजोबा कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट यांनी जलवाहतूक आणि रेल्वे या व्यवसायांतून अफाट संपत्ती मिळवली होती. विल्यम किसम व्हँडरबिल्ट आणि अल्वा या दांपत्याला तीन अपत्ये झाली. हॅरल्ड हे त्यांतील धाकटे. थोरली बहीण कॉन्सुएलो विवाहानंतर इंग्लंडमधील मार्लबरोची डचेस झाली. १८९५ मध्ये आईवडिलांचा घटस्फोट झाला. आई अल्वा यांनी पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत अग्रभागी राहून काम केले आणि चळवळीला मोठे अर्थसाहाय्य दिले.

हॅरल्ड यांनी १९०७ साली हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेतली आणि त्यानंतर तेथेच कायद्याचे शिक्षण घेतले. पुढे ते घराण्याच्या न्यू यॉर्क सेंट्रल रेल्वेत काम करू लागले. पहिल्या महायुद्धात त्यांनी अमेरिकन नौदलात अधिकारी म्हणून सेवा केली. १९२० मध्ये वडिलांच्या निधनानंतर संपत्तीचा मोठा वाटा त्यांच्याकडे आला.

पूर्वपीठिका : व्हिस्टपासून प्लाफाँपर्यंत

व्हँडरबिल्ट यांनी नेमके काय केले हे समजण्यासाठी त्याआधीच्या खेळांची ओळख आवश्यक आहे. ब्रिजचे मूळ इंग्लंडमधील व्हिस्ट या खेळात आहे. चार खेळाडू, समोरासमोर बसलेल्या भिडूंच्या दोन जोड्या, प्रत्येकाला १३ पाने, एक हुकूम आणि जास्तीत जास्त हात करण्याची धडपड, असे त्याचे स्वरूप होते. महाराष्ट्रात घरोघरी खेळला जाणारा मेंढीकोटही याच कुळातील आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिस्टमधून ब्रिज निघाला. त्यात एका भिडूची पाने टेबलावर उघडी मांडली जात आणि हुकूम ठरवण्याचा अधिकार पाने वाटणाऱ्या बाजूला असे.

विसाव्या शतकाच्या आरंभी हुकमासाठी बोली लावण्याची कल्पना आली आणि ऑक्शन ब्रिज जन्माला आला. या टप्प्यावर भारताचा संबंध येतो. येथील सनदी सेवेतील काही ब्रिटिश अधिकाऱ्यांनी, चौथा भिडू मिळत नसल्यामुळे, तिघांसाठी बोलीचा खेळ रचला असे मानले जाते. १९०४ साली अलाहाबादच्या ‘पायोनिअर’ छापखान्याने या खेळावरील पुस्तिका टोपणनावाने प्रसिद्ध केली.

ऑक्शन ब्रिजमध्ये मात्र एक उणीव होती. त्यात बदामाच्या प्रत्येक हाताला ८ गुण होते आणि ३० गुणांना गेम पूर्ण होई. पहिले सहा हात हिशेबात धरले जात नसत. एखाद्या जोडीने दोन बदाम, म्हणजे आठ हातांची बोली करून प्रत्यक्षात दहा हात केले, तर तिला चार हातांचे ३२ गुण मिळत आणि गेम पूर्ण होई. साहजिकच वरची बोली करण्याचे कारण उरत नसे. कमी बोलावे, जास्त हात करावेत आणि पूर्ण फळ घ्यावे, हाच शहाणपणा ठरे. बोलीचा खेळ असूनही बोलीला फारसे मोल नव्हते.

ही उणीव अनेकांच्या लक्षात आली होती. जेवढ्या हातांची बोली केली तेवढेच गेमसाठी धरावेत, या तत्त्वावरचा एक खेळ १९१२ च्या सुमारास पुण्यात रचला गेला. ‘एस.ए.सी.सी.’ या नावाने तो ब्रिजच्या इतिहासात नोंदलेला आहे. ह्यू क्लेटन यांनी त्याचे वर्णन लिहून ठेवले. फ्रान्समध्येही पहिल्या महायुद्धाच्या सुमारास याच तत्त्वावरचा प्लाफाँ हा खेळ रूढ झाला. प्लाफाँ या फ्रेंच शब्दाचा अर्थ छत असा आहे. आपल्या पानांची उंची नेमकी कुठवर जाते हे आधी सांगायचे, असा त्यामागील भाव होता. पुण्यातील खेळ पुण्याबाहेर फारसा पसरला नाही आणि प्लाफाँही मुख्यतः फ्रान्सपुरता राहिला. या खेळांत बोलीला मोल आले होते. परंतु मोठी बोली करण्याची जोखीम आणि तिचे फळ यांचा तोल अद्याप साधला नव्हता.

‘फिनलंड’ जहाजावरील प्रवास

व्हँडरबिल्ट तरुणपणापासून व्हिस्टकुळातील सर्व खेळ खेळत आले होते. १९२५ च्या शरद ऋतूत फ्रेडरिक ॲलन, फ्रान्सिस बेकन आणि डडली पिकमन या तीन मित्रांसह ते ‘फिनलंड’ या जहाजाने लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यामार्गे हवानाला निघाले. या प्रवासात ते नव्या गुणपद्धतीचा विचार करीत होते आणि मित्रांसोबत ती प्रत्यक्ष खेळून पाहत होते. ३१ ऑक्टोबर रोजी जहाज कालव्याच्या तोंडाशी असलेल्या बाल्बोआ येथे पोहोचले. त्या दिवशी कालव्यात प्रवेश मिळण्याची वेळ टळून गेली होती, त्यामुळे प्रवाशांना रात्र जहाजावरच काढावी लागली.

त्या रात्री एक तरुण सहप्रवासी स्त्री त्यांच्या डावात सहभागी झाली. चीनमध्ये आपण खेळलेल्या एका खेळातील नियम तिने सुचवले. त्यांतील बहुतेक नियम व्यवहार्य नव्हते. पण एक गेम जिंकल्यामुळे अधिक मोठ्या दंडाच्या कक्षेत आलेल्या जोडीसाठी त्या खेळात वापरला जाणारा ‘व्हल्नरेबल’ हा शब्द व्हँडरबिल्ट यांनी उचलला. दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबर १९२५ रोजी, जहाज कालवा ओलांडत असताना त्यांनी गुणांचा तक्ता पूर्ण केला. त्याच रात्री नव्या पद्धतीने पहिला डाव खेळला गेला. ज्या स्त्रीने तो शब्द दिला तिचे नाव खेळाच्या इतिहासात नोंदले गेले नाही.

नव्या खेळाचे स्वरूप

नव्या खेळात पाने, हात, हुकूम आणि उतारी यांचे नियम जुनेच राहिले. बदलली ती केवळ गुणपद्धती. तिची मुख्य सूत्रे पुढीलप्रमाणे होती.

पहिले सूत्र प्लाफाँमधून आले : बोली केलेल्या हातांचेच गुण गेमसाठी धरायचे, जास्तीच्या हातांचे गुण वेगळे मांडायचे. आजच्या कोष्टकानुसार बदामाच्या प्रत्येक हाताला ३० गुण असतात आणि गेमसाठी १०० गुण लागतात. चार बदामांची बोली करून दहा हात केल्यास १२० गुण होऊन गेम पूर्ण होतो. दोन बदामांची बोली करून तेच दहा हात केल्यास गेमच्या खात्यात ६० गुणच जमा होतात, उरलेले ६० बाजूला पडतात. पाने तीच, हातही तेवढेच. अंतर फक्त आधी दिलेल्या शब्दाचे.

दुसरे सूत्र स्लॅमचे होते. बारा किंवा सर्वच्या सर्व तेरा हात करण्याची बोली करून ती पार पाडणाऱ्या जोडीला व्हँडरबिल्ट यांनी भरघोस बक्षीस ठेवले. बोली न करता तेवढे हात झाले तर ते बक्षीस मिळत नाही.

तिसरे सूत्र व्हल्नरेबल स्थितीचे होते. एक गेम जिंकलेली जोडी विजयाच्या जवळ असते, म्हणून तिची बोली फसल्यास दंड अधिक बसतो. आजच्या कोष्टकात बोलीपेक्षा कमी पडलेल्या प्रत्येक हातामागे एरवी ५० आणि व्हल्नरेबल जोडीला १०० गुणांचा दंड आहे. त्यामुळे पुढे असलेल्याला जपून बोलावे लागते आणि मागे पडलेल्याला धाडसाची संधी मिळते.

त्या काळी क्लबांत ब्रिज पैसे लावून खेळण्याची प्रथा होती. गुणामागे दर आधी ठरे आणि शेवटी गुणांच्या फरकानुसार हिशेब होई. त्यामुळे गुणांचे कोष्टक म्हणजे देण्याघेण्याचाच तक्ता होता. त्यात तोल नसता तर एखादा सराईत खेळाडू सुरक्षित मार्गाने सतत कमाई करीत राहिला असता. धाडस आणि सावधगिरी या दोहोंना योग्य किंमत लावल्यामुळे डावाचा निकाल मुख्यतः पानांचा अंदाज आणि भिडूंमधील समज यांवर ठरू लागला. नवा खेळ टिकण्याचे हे प्रमुख कारण मानता येईल.

प्रसार

प्रवासाहून परतल्यावर व्हँडरबिल्ट यांनी टंकलिखित कोष्टकाच्या प्रती काही मित्रांना दिल्या. खेळाची जाहिरात त्यांनी केली नाही आणि त्यापासून आर्थिक लाभ मिळवण्याचाही प्रयत्न केला नाही. तरीही १९२७ साली न्यू यॉर्कमध्ये काँट्रॅक्ट ब्रिजचे नियम छापले गेले आणि थोड्याच वर्षांत ऑक्शन ब्रिज मागे पडला.

खेळ सर्वसामान्यांपर्यंत नेण्याचे श्रेय प्रामुख्याने ईली कल्बर्टसन यांना दिले जाते. डिसेंबर १९३१ ते जानेवारी १९३२ या काळात कल्बर्टसन आणि सिडनी लेन्झ यांच्या बाजूंमध्ये १५० रबरांचा सामना झाला. तो कल्बर्टसन यांच्या बाजूने ८,९८० गुणांनी जिंकला. आर्थिक मंदीच्या त्या दिवसांत वृत्तपत्रांनी हा सामना गाजवला आणि ब्रिज घरोघरी पोहोचला.

व्हँडरबिल्ट यांनी १९२८ साली अमेरिकेतील सांघिक स्पर्धेसाठी चषक दिला. तो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९३२ आणि १९४० साली त्यांच्या स्वतःच्या संघानेच तो जिंकला. १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी बोलीची नवी पद्धत मांडली. तीत एक किलवर ही बोली किलवरची पाने दाखवण्यासाठी नसून हातात बळकट पाने असल्याचा भिडूला इशारा देण्यासाठी होती. समकालीनांनी ती फारशी स्वीकारली नाही. परंतु काही दशकांनंतर इटलीच्या जगज्जेत्या संघाने आणि पुढे प्रिसिजन पद्धतीने याच विचाराचा आधार घेतला.

नौकानयन

अमेरिकेत व्हँडरबिल्ट यांना त्यांच्या हयातीत ब्रिजइतकीच कीर्ती नौकाशर्यतींनी दिली. प्रतिष्ठेच्या अमेरिका चषकाचे त्यांनी तीन वेळा यशस्वी रक्षण केले. १९३० मध्ये ‘एंटरप्राइज’ या नौकेने चहाचे प्रसिद्ध व्यापारी टॉमस लिप्टन यांच्या ‘शॅमरॉक ५’ला हरवले. १९३४ मध्ये विमान उद्योजक टॉमस सॉपविथ यांच्या ‘एंडेव्हर’विरुद्ध ‘रेनबो’ने पहिल्या दोन शर्यती गमावल्या. तिसऱ्या शर्यतीतही मागे पडल्यावर व्हँडरबिल्ट यांनी सुकाणू सहकारी शर्मन हॉइट यांच्या हाती सोपवले. प्रतिस्पर्ध्याचा स्वभाव ओळखून हॉइट यांनी नौकेची दिशा अशी ठेवली की, सॉपविथ तिला अडवण्याच्या मोहात पडले आणि आघाडी गमावून बसले. ‘रेनबो’ने ती शर्यत आणि पुढील तिन्ही शर्यती जिंकल्या. १९३७ मध्ये ‘रेंजर’ने ‘एंडेव्हर २’चा सहज पराभव केला. १९३३ साली त्यांचा विवाह गर्ट्रूड कॉनवे यांच्याशी झाला होता. त्याही ‘रेंजर’वरील चमूत होत्या.

समोरासमोर आलेल्या नौकांपैकी वाट कोणी द्यावी, यासंबंधीचे नियमही व्हँडरबिल्ट यांनी नव्याने रचले. जुने नियम गुंतागुंतीचे होते. त्यांनी सुटसुटीत मांडणी करून ती प्रत्यक्ष शर्यतींत पडताळून पाहिली. पुढे तिची मूलतत्त्वे आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारली गेली.

उत्तरायुष्य

१९५४ साली रॉबर्ट यंग यांनी भागधारकांची मते मिळवून न्यू यॉर्क सेंट्रल रेल्वे ताब्यात घेतली. त्याबरोबर व्हँडरबिल्ट यांचे संचालकपद गेले आणि या रेल्वेशी घराण्याचा अनेक दशकांचा संबंध संपला. १९५५ ते १९६८ या काळात ते पणजोबांच्या देणगीतून नॅशव्हिल येथे उभ्या राहिलेल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष होते. हा काळ वादळी ठरला. वंशभेदाविरुद्धच्या आंदोलनात भाग घेतल्याबद्दल विद्यापीठाने १९६० मध्ये जेम्स लॉसन या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला काढून टाकले आणि त्यावर देशभर टीका झाली. १९६२ मध्ये विश्वस्त मंडळाने सर्व शाखा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना खुल्या करण्याचा ठराव केला.

१९६४ साली अमेरिकेच्या ब्रिज सन्मानदालनातील पहिल्या मानकऱ्यांत कल्बर्टसन आणि चार्ल्स गोरेन यांच्यासह व्हँडरबिल्ट यांची निवड झाली. शहाऐंशी वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस असताना न्यूपोर्ट येथे त्यांचे निधन झाले. त्यांना अपत्य नव्हते.

मूल्यमापन

काँट्रॅक्ट ब्रिजचे जनकत्व एकट्या व्हँडरबिल्ट यांना द्यावे काय, हा प्रश्न अभ्यासकांनी उपस्थित केला आहे. बोली केलेलेच हात धरण्याचे तत्त्व पुण्यात आणि फ्रान्समध्ये त्यांच्याआधी वापरात होते. व्हल्नरेबल हा शब्दही त्यांचा स्वतःचा नव्हता. मात्र विखुरलेल्या या कल्पना एकत्र आणून, त्यांना गुणांच्या नेमक्या प्रमाणात बसवून एकसंध खेळ घडवण्याचे काम त्यांनी केले. नंतरच्या काळात आकडे बदलले, तरी त्यांनी आखलेला सांगाडा कायम राहिला.

पैशांच्या हिशेबात वाढलेल्या या खेळाला भारतात कौशल्याचा खेळ म्हणून मान्यता आहे. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीसंबंधीच्या निकालात रमीला तीन पत्तीपासून वेगळे काढताना ब्रिजचा दाखला दिला होता. रमीत असलेला नशिबाचा भाग ब्रिजमध्ये पाने वाटताना असतो त्याच प्रकारचा आहे, असे न्यायालयाने मानले. २०१८ च्या जाकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला आणि पुरुष दुहेरीत प्रणव बर्धन व शिवनाथ सरकार या भारतीय जोडीने सुवर्णपदक जिंकले.