आर्नल्ड गेसेल

आर्नल्ड लुसियस गेसेल (जन्म : २१ जून १८८०, आल्मा, विस्कॉन्सिन, मृत्यू : २९ मे १९६१, न्यू हेवन, कनेक्टिकट) हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ व बालरोगतज्ज्ञ होते. बालविकास हा विद्यापीठीय अभ्यासविषय म्हणून रुजवणाऱ्या आद्य संशोधकांत त्यांची गणना होते.

शिक्षण व कार्य

गेसेल यांनी १९०६ मध्ये क्लार्क विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. १९११ मध्ये येल विद्यापीठात त्यांनी मुलांसाठी मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केले. मुलाचे मन समजण्यास शरीराचे ज्ञानही हवे, या जाणिवेतून त्यांनी तेथेच वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९१५ मध्ये पदवी संपादन केली. १९४८ पर्यंत ते या चिकित्सालयाचे संचालक होते.

संशोधन

एकतर्फी पारदर्शक पडद्याआडून निरीक्षण आणि चित्रफितींचा वापर करून त्यांनी बसणे, रांगणे, चालणे, बोलणे यांचे वयोमानानुसार टप्पे नोंदवले. १९२९ मध्ये हेलन थॉम्पसन यांच्यासह त्यांनी जुळ्या बहिणींवर प्रयोग केला. एकीला ४६ व्या आठवड्यापासून सहा आठवडे जिना चढण्याचा सराव दिला. दुसरीला ५३ व्या आठवड्यापासून केवळ दोन आठवडे. तरीही दुसरीने पहिलीला जवळपास गाठले. यावरून त्यांनी सरावापेक्षा शारीरिक परिपक्वतेला अधिक महत्त्व दिले.

टीका व प्रभाव

गेसेल यांचे निकष प्रामुख्याने न्यू हेवन परिसरातील मध्यमवर्गीय मुलांवर आधारलेले होते. त्यामुळे ते सर्व समाजांना लागू करण्यावर आक्षेप घेतले गेले. सरासरी वय हीच अपेक्षित मर्यादा मानल्यास उशिरा चालणाऱ्या निरोगी मुलाचे पालकही विनाकारण धास्तावतात. परिस्थिती व संगोपन यांचा प्रभाव त्यांनी कमी लेखला, असेही टीकाकारांचे मत आहे. मात्र बालकांच्या विकासतपासणीच्या पुढील पद्धतींना त्यांच्याच नोंदींचा आधार लाभला.