सबवूफरच्या भोकामागचं गणित मांडणारा माणूस आधी लष्करात डॉक्टर होता

नाशिक म्हटलं की ढोल आठवतो. पण वरातीत ढोलामागून साउंडची गाडी येते तेव्हा छातीत जे धडधडतं, ते सबवूफरमुळं. यातल्या बऱ्याच बॉक्सला एक भोक असतं, त्याला पोर्ट म्हणतात. ते नुसतं हवा जायला ठेवलंय असं वाटतं, पण ते एका ठरावीक स्वराला जुळवलेलं असतं.

तो स्वर कोणता, हे आता लॅपटॉपवर कळतं. माईक कोनच्या अगदी जवळ धरायचा आणि 'रूम ईक्यू विझार्ड'सारख्या सॉफ्टवेअरमधून खालून वर चढत जाणारा आवाज सोडायचा. स्क्रीनवरच्या रेषेत एका जागी खड्डा पडतो. तो ३५ हर्ट्झवर असेल, तर बॉक्सचं ट्यूनिंग ३५ हर्ट्झ. तिथं कोन जवळपास थांबतो आणि आवाज पोर्टमधली हवा काढते. त्याच्या बरंच खाली गेलं की कोन मोकाट हलतो आणि स्पीकर उडायची भीती असते, म्हणून हा आकडा माहीत असावा लागतो.

या खड्ड्यामागचं गणित मांडलं हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी.

३१ ऑगस्ट १८२१ ला आजच्या जर्मनीतल्या पोट्सडामला त्यांचा जन्म झाला. वडील शाळामास्तर. पोराला भौतिकशास्त्र शिकायचं होतं, पण घरात पैसा नव्हता. मेडिकलचा खर्च मात्र सरकार करत होतं, बदल्यात लष्करात डॉक्टरकी करायची. पोरगं डॉक्टर झालं. नोकरीत असतानाच, पंचविशीत, ऊर्जा नष्ट होत नाही हे मांडणारा निबंध त्यांनी लिहिला. नावाजलेल्या मासिकानं तो नाकारला, तर पठ्ठ्यानं १८४७ मध्ये पुस्तिका म्हणून छापला. पुढं १८५१ मध्ये डोळ्याच्या आत बघायचं यंत्रही त्यांनीच आणलं.

मग ते आवाजाकडं वळले. काचेचे, पितळेचे पोकळ गोळे बनवले, एका बाजूला तोंड आणि दुसऱ्या बाजूला कानात बसेल अशी नळी. नळी मेण लावून कानात बसवायची. खोलीत कितीही सूर असले तरी गोळा फक्त स्वतःचा सूर घुमवायचा. कारण तोंडातली हवा वजनासारखी हलते आणि पोटातली हवा स्प्रिंगसारखी दबते. रिकाम्या बाटलीवर फुंकर मारली की हेच होतं, आणि वायनच्या नाशकात बाटल्यांना काय तोटा! १८६३ मध्ये त्यांनी यावर जाडजूड ग्रंथ काढला. हाच गोळा चौकोनी करून त्यात स्पीकर बसवला की झाला पोर्टवाला बॉक्स. अमेरिकेत अल्बर्ट थुरास यांना त्याचं पेटंट मिळालं ते १९३२ मध्ये.

बर्लिनमध्ये हेल्महोल्ट्झ यांच्या हाताखाली हाइनरिश हर्ट्झ नावाचा विद्यार्थी तयार झाला. स्क्रीनवरच्या आकड्यापुढं लागतं ते याच हर्ट्झचं नाव. १ जानेवारी १८९४ ला, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या शेवटच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहायची वेळ सत्तरी ओलांडलेल्या गुरूवर आली. ८ सप्टेंबरला, त्याच वर्षी, हेल्महोल्ट्झही गेले.