फिरोजशहा मेहता आणि मुंबईचे नगरराज्य

बोरीबंदर स्थानकासमोर, मुंबई महापालिकेच्या मुख्य इमारतीच्या पुढ्यात, सर फिरोजशहा मेहता यांचा पुतळा १९२३ पासून उभा आहे. कचेरीची वेळ गाठण्यासाठी धावणाऱ्या गर्दीला त्याच्याकडे पाहण्याची सवड नसते. तथापि शहराचा कारभार कोणाच्या आज्ञेने चालावा, या प्रश्नाचे मुंबईने दिलेले उत्तर बऱ्याच अंशी या एका माणसाने घडविलेले आहे.

४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईतील एका व्यापारी पारशी कुटुंबात जन्मलेले फिरोजशहा १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतले. त्या वेळी शहराचा कारभार १८६५ च्या कायद्यानुसार सरकारनियुक्त ‘जस्टिस’ मंडळाकडे व म्युनिसिपल कमिशनरकडे होता. कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी शहराचे रूप पालटले, परंतु तिजोरीही रिकामी केली. १८७१ मध्ये करदात्यांचा संताप उसळला आणि कमिशनरचे अधिकारच काढून घ्यावेत, अशी मागणी होऊ लागली. सव्वीस वर्षांच्या फिरोजशहांनी भर सभेत या मागणीस विरोध केला. दोष समर्थ अधिकाऱ्यात नसून त्याच्यावर देखरेख करणारे मंडळ लोकांनी निवडलेले नाही, यात आहे, असा त्यांचा सिद्धांत होता. सभेने त्यांची हुर्यो उडविली. मात्र १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन स्थापन केली आणि त्यांतील निम्मे सभासद करदात्यांनी निवडावयाचे ठरले.

त्यानंतर मृत्यूपर्यंत, सुमारे चार दशके, फिरोजशहा या संस्थेशी निगडित राहिले. सरकारने कमिशनरला अधिक स्वतंत्र करू पाहणारे विधेयक आणले, तेव्हा काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासह कायदेमंडळात त्यांनी त्याचा कलमवार मुकाबला केला. त्यातून १८८८ चा कायदा सिद्ध झाला. अंमलबजावणी कमिशनरने करावी, परंतु नगराचा कारभार कॉर्पोरेशनचा राहावा, हे त्याचे सूत्र होय. पुढे असंख्य दुरुस्त्या झाल्या, तरी मुंबई महापालिकेचा आधार आजही हाच कायदा आहे.

राष्ट्रीय राजकारणात त्यांची प्रतिमा वेगळी होती. १८९० च्या कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविणारे, १९०४ मध्ये ‘सर’ झालेले फिरोजशहा टिळकपक्षीयांना सरकारधार्जिणे वाटत. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली, त्या फुटीत ते नेमस्तांचे अग्रणी होते. त्यांच्या एकतंत्री स्वभावावर होणारी टीका निराधार नव्हती. तथापि त्याच वर्षाच्या आरंभी काही गोऱ्या अधिकाऱ्यांनी व त्यांच्या मित्रांनी फिरोजशहांना कॉर्पोरेशनमधून हुसकावण्याचा संगनमताने घाट घातला होता, हे विसरून चालणार नाही. जस्टिसांच्या सोळा जागांच्या निवडणुकीत ते सतरावे आले. पुढे विजयी उमेदवारांपैकी एक जण म्युनिसिपालिटीच्या कंत्राटात गुंतलेला असल्यामुळे अपात्र ठरला व फिरोजशहांना ती जागा मिळाली. जहालांना जो माणूस सरकारचा मित्र वाटत होता, तोच सरकारी अधिकाऱ्यांना डोईजड झाला होता. कारण सरळ आहे. जमाखर्चाचा प्रत्येक आकडा तपासणारा आणि नियमांवर बोट ठेवणारा सभासद कोणत्याही सत्तेला परवडत नाही.

त्यांच्या नगरराज्याला मर्यादा होती. मत करदात्यांना होते. गिरणगावातील चाळींत दाटीवाटीने राहणारा कामगार त्या लोकशाहीच्या बाहेर होता. प्रौढ मतदानाने मुंबईची पहिली पालिका निवडणूक १९४८ मध्ये झाली, तेव्हा फिरोजशहांना जाऊन तेहतीस वर्षे लोटली होती. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले.

मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि कारभार दीर्घकाळ प्रशासकाकडे राहिला. नळाला पाणी आले, रस्ते झाडले गेले, कागद हलत राहिले. त्यामुळे नगरसेवकांवाचून अडले कोठे, असे पुष्कळांना वाटले. नगरसेवकांच्या वर्तनाला कंटाळलेल्या नागरिकाला तसे वाटणे स्वाभाविकही आहे. परंतु १८७१ च्या सभेपुढे याच प्रश्नाची दुसरी बाजू होती. तेव्हा लोकांना अधिकारी नको होता, आता लोकप्रतिनिधी नकोसा होतो. फिरोजशहांचे उत्तर दोन्ही वेळी एकच ठरते. कर्तबगार अधिकारी हवाच, पण त्याला जाब विचारणारे सभागृहही हवे. सभागृह वाईट असेल, तर ते सुधारण्याचा उपाय मतदाराच्या हाती असतो. सभागृहच नसेल, तर मतदाराच्या हाती केवळ अर्ज उरतो.