ताराबाईंचे अंगण

सिल्वासाच्या आसपास वारली पाड्यांवर आज अंगणवाडी दिसते. तिचे नाव आणि मूळ कल्पना कोणत्याही मंत्रालयात जन्मलेली नाही. तिचा उगम तेथून फार दूर नसलेल्या, डहाणू तालुक्यातील बोर्डी-कोसबाडच्या परिसरात झाला आणि तिच्या जननी होत्या ताराबाई मोडक. शासनाने ही कल्पना स्वीकारली, याचा संतोष आहेच. परंतु स्वीकारताना तिचा प्राण कितपत जपला, हे पाहायचे तर ताराबाईंचे चरित्र डोळ्यांपुढे आणले पाहिजे.

केळकरांच्या प्रार्थनासमाजी घराण्यात १८९२ मध्ये त्यांचा जन्म झाला. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. संसार सुखाचा झाला नाही. लहानग्या मुलीला घेऊन त्यांनी राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. १९२३ मध्ये ती मानाची जागा सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालशिक्षणकार्यात सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. मध्यमवर्गीय मुंबईने ते उचलून धरले. एखादी व्यक्ती एवढ्या यशावर कृतार्थ झाली असती.

ताराबाईंना मात्र सलत होते ते हे, की माँटेसरीबाईंची पद्धती श्रीमंतांच्या दिवाणखान्यात अडकून पडली आहे. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. महागड्या साधनांची जागा शंखशिंपले, बिया, पाने आणि खडे यांनी घेतली. वस्तीतील मुले बालवाडीकडे येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. प्रथम आंघोळ, मग गाणी, मग खेळ आणि त्यातूनच शिक्षण, असा तो क्रम होता. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले गुरे राखीत, म्हणून कुरणावरच शाळा भरू लागली. १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये ताराबाई निवर्तल्या.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. पूरक आहार, लसीकरण, वजनाची नोंद ही कामे मोलाची आहेत. उपाशी मूल शिकत नाही, हे ताराबाईही जाणत होत्या. परंतु या पसाऱ्यात शिक्षण शेवटच्या पंक्तीला बसले. कायद्यानेही हात आखडता घेतला. घटनेच्या मूळ ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतची सर्व बालके होती. २००२ च्या दुरुस्तीने सहा ते चौदा वयाला मूलभूत हक्क दिला आणि सहा वर्षांखालील बालकांना केवळ राज्याच्या प्रयत्नांवर सोपविले. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही त्याच मर्यादेत राहिला. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला, ही स्वागतार्ह सुधारणा. पण धोरणाने हक्क निर्माण होत नाही.

आणि जिच्या हाती हा पाया सोपवायचा, तिला आपण शिक्षिका म्हणत नाही, सेविका म्हणतो. वेतन देत नाही, मानधन देतो. आहार, सर्वेक्षण आणि नोंदवह्या उरकून जो वेळ उरेल, त्यात तिने मुले घडवावीत, अशी आपली अपेक्षा! ताराबाईंनी साधने स्वस्त केली, पण शिक्षिकेचे प्रशिक्षण कधी स्वस्त केले नाही. शासनाने नेमके उलट केले, असे खेदाने म्हणावे लागते.

सहा वर्षांखालील बालकाला शिक्षणाचा हक्क आणि सेविकेला शिक्षिकेचा दर्जा, दीर्घ प्रशिक्षण व अन्य कामांतून मोकळीक, या मागण्या आता टाळता येणार नाहीत. तोवर निदान एवढे व्हावे: तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने वजनाची वही पाहावीच, पण त्यानंतर अर्धा तास मुलांमध्ये बसावे, आणि तेथे वारली बोलीतले एखादे गाणे ऐकू येते का, मुलांच्या हातांत खेळायला काही आहे का, याचीही नोंद करावी. त्या नोंदीवाचून धोरणाचे मूल्यमापन अपुरेच राहील.