दम आणि बळ : औंधचे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी

शरीर कमवायचे ते कशाने, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. सकाळी धावायला जावे की व्यायामशाळेत वजने उचलावीत, हृदय बळकट करावे की दंड, असा वाद आज घरोघरी ऐकू येतो. आपल्या जुन्या तालमींनी तो दोन लहान शब्दांत मांडून ठेवला होता : दम आणि बळ. बळ आहे पण दम नाही, असा मल्ल पहिल्या पाच मिनिटांत जिंकला तर जिंकला. पुढे कुस्ती रेंगाळली की त्याचे पाय मातीत जड होतात. दम आहे पण बळ नाही, असा गडी नुसताच पळत राहतो. वस्तादाचे सारे कसब ह्या दोहोंची जोड जमवण्यात असे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात ज्यांचे स्मरण आम्ही करीत आहोत, त्या औंधच्या राजांनी ही जोड तालमीबाहेर काढून माजघरापर्यंत, शाळेच्या पटांगणापर्यंत आणि पुढे विलायतेपर्यंत नेली.

श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. प्रतिनिधिपद हे छत्रपती राजाराममहाराजांच्या काळातले; पुढे परशुराम त्रिंबक ह्यांच्या घराण्यात ते स्थिरावले आणि यमाईदेवीच्या पायथ्याशी वसलेले औंध हे त्या घराण्याचे राजधानीचे गाव झाले. संस्थान लहानच. अवघी बहात्तर गावे, तीही एका तुकड्यात नव्हेत. काही साताऱ्याकडे, काही आटपाडीच्या माणदेशी माळावर, काही थेट विजापूरच्या बाजूला. बाळासाहेबांचे शिक्षण साताऱ्यास व पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले आणि ते बी. ए. झाले. चित्रकला हा त्यांचा आवडीचा छंद, कीर्तन हा दुसरा. हातात कुंचला धरणारे आणि गळ्यात वीणा अडकवून देवापुढे उभे राहणारे हे राजपुत्र व्यायामाकडे वळले ते मात्र एका परदेशी पुस्तकाच्या वाटेने.

युजेन सँडो हे नाव त्या काळी शिकलेल्या हिंदी तरुणांच्या ओठांवर होते. जर्मनीत जन्मलेला आणि इंग्लंडात नावारूपाला आलेला हा बलवान पुरुष रंगमंचावर आपले पीळदार अंग दाखवी आणि लोक तिकिटे काढून ते पाहात. १८९७ साली त्याचे जे पुस्तक निघाले त्याच्या नावातच बळ कसे मिळवावे हा विषय होता. दमाचा उल्लेख नव्हता. त्याच वर्षी बाळासाहेबांनी सँडोची पुस्तके व साधने मागवली आणि सांगितलेल्या पद्धतीबरहुकूम पुढची दहा वर्षे व्यायाम केला. दहा वर्षे हा काळ लहान नव्हे. आरंभशूरपणाचा आरोप त्यांच्यावर कोणालाच करता येणार नाही.

सँडोच्या पद्धतीची थोरवी अशी, की तिने शरीराचा एकेक स्नायू निवडून त्याला काम दिले. हलके डंबेल्स हातात घ्यायचे, मन त्या स्नायूवर ठेवायचे, ठरलेल्या आवृत्त्या करायच्या, थांबायचे, दुसरा स्नायू घ्यायचा. दंड, छाती, खांदे ह्यांना त्यामुळे आकार येतो, ह्यात शंका नाही. पण तिची उणीवही ह्याच थांबण्यात आहे, असे आम्हांस वाटते. छातीचा ठोका वाढतो न वाढतो तोच विसावा येतो. श्वास सलग पंधरावीस मिनिटे कामाला लागत नाही. हृदय हादेखील एक स्नायूच. पण त्याला डंबेल धरता येत नाही. त्याला व्यायाम द्यायचा तर साऱ्या अंगाने एकदम आणि न थांबता हालचाल केली पाहिजे. अशा सलग श्रमाची सवय झाली म्हणजे हृदय एका ठोक्यात अधिक रक्त फेकते आणि विश्रांतीच्या वेळची नाडी संथ होते.

१९०८ साली मिरजेचे अधिपती श्रीमंत गंगाधरराव उर्फ बाळासाहेब पटवर्धन ह्यांच्या सांगण्यावरून औंधच्या बाळासाहेबांनी सूर्यनमस्कार धरले. तेव्हा त्यांचे वय चाळिशीला टेकले होते. नमस्कार हा काही त्यांनी लावलेला शोध नव्हे, आणि तसा दावा त्यांनी कधी केलाही नाही. रथसप्तमीला, नवसाला, संध्येनंतर नमस्कार घालण्याची चाल महाराष्ट्रात आधीपासून होती. समर्थ रामदास रोज बाराशे नमस्कार घालीत असे परंपरा सांगते. बाळासाहेबांनी केले ते एवढेच, की व्रताला व्यायामाची शिस्त लावली. नमस्काराच्या दहा स्थिती ठरवल्या, प्रत्येक स्थितीला श्वासाचे मान दिले, हात-पाय कोठे व किती अंतरावर टेकावेत हे निश्चित केले आणि नमस्कारांची संख्या वयाप्रमाणे हळूहळू वाढवावी असा क्रम घालून दिला. एवढेच म्हटले खरे, पण धर्मकृत्याचा पाठ्यक्रम करणे हे काम सोपे नव्हते.

ह्या दहा स्थितींत दम आणि बळ एकमेकांत कसे गुंफले आहेत ते पाहण्याजोगे आहे. उभे राहून हात जोडले. गुडघे ताठ ठेवून वाकून तळवे जमिनीला लावले. एक पाय मागे नेला, मग दुसरा. येथे अंगाचा बराच भार मनगटांवर, खांद्यांवर आणि पोटाच्या स्नायूंवर येतो. पुढे कपाळ, छाती, दोन हात, दोन गुडघे आणि दोन पाय ही आठ अंगे भूमीला टेकतात. जोर काढताना छाती खाली नेतात तशातलाच हा प्रकार. मग छाती वर उचलून पाठीचा कणा मागे वळतो आणि त्याच वाटेने परत उभे राहायचे. म्हणजे एका नमस्कारात अर्धा जोर आहे, अर्धी बैठक आहे आणि भूमीपासून माथ्यापर्यंत साऱ्या देहाची एक फेरी आहे. एक नमस्कार घातला तर तो ताण देण्याचा व्यायाम ठरेल. न थांबता पन्नास घातले म्हणजे छाती धापा टाकू लागते आणि कपड्यांना घामाची ओल येते. वजने नाहीत की धावण्याची वाट नाही. एका सतरंजीएवढी जागा पुरे. नोकरीपायी गावोगाव फिरणाऱ्या, दर तीनचार वर्षांनी नव्या क्वार्टरात बिऱ्हाड लावणाऱ्या आपल्यासारख्यांना ह्या सतरंजीचे मोल निराळे सांगायला नको.

नमस्काराबरोबर म्हणायच्या बीजमंत्रांवर बाळासाहेबांचा फार भर असे. ह्रां, ह्रीं, ह्रूं ह्या उच्चारांच्या कंपनाने आतील इंद्रियांना आरोग्य लाभते अशी त्यांची श्रद्धा होती. ती श्रद्धा प्रत्येकाने स्वीकारलीच पाहिजे असे आम्ही म्हणणार नाही. पण मंत्राचा एक साधा उपयोग असा, की तो वेग आवरतो. श्रम करताना बोलता यावे परंतु गाता येऊ नये, इतपत दम लागला म्हणजे व्यायाम मध्यम नेटाचा झाला, अशी खूण आजचे वैद्यक सांगते. दोन नमस्कारांमध्ये मंत्र आणि सूर्याचे नाव स्पष्ट म्हणता येईना, तर माणूस अति घाई करतो आहे हे त्याचे त्यालाच कळते. हातावर नाडी मोजणारे घड्याळ नसलेल्या काळात ही सोय काही वाईट नव्हती.

येथे थोडे परखडही बोलले पाहिजे. बाळासाहेबांना नमस्कार एवढे लाभले, की पुढे पुढे ते सर्व रोगांवरचा उतारा आणि सर्व व्यायामांना पुरून उरणारा व्यायाम म्हणून त्यांची शिफारस करू लागले. हे जरा अधिकच झाले. नमस्कारात ढकलणे आहे, ओढणे नाही. दोर चढणारा किंवा मल्लखांबाला लटकणारा मुलगा पाठीचे आणि दंडाचे जे स्नायू वापरतो, त्यांच्या वाट्याला नमस्कारात फारसे काम येत नाही. शिवाय उचलायचे वजन म्हणजे आपलेच शरीर; ते काही दर महिन्याला वाढवता येत नाही (वाढले तर ती काळजीची गोष्ट!). मग संख्या वाढवीत जावे लागते, आणि संख्या वाढली की दम वाढतो, बळाची वाढ मात्र एका टप्प्यावर थांबते. आमच्या तालमींत ह्याच कारणाने जोर-बैठकांच्या जोडीला मुद्गल, करेल, मल्लखांब आणि धावणे ठेवलेले असे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, तेही ह्याच अंगाने जाते : आठवड्यातून दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम नेटाचा, दम लागेल असा व्यायाम, किंवा त्याच्या निम्म्या वेळात जोराचा; आणि त्याखेरीज किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताकदीचे काम. तिशी ओलांडली की स्नायू हळूहळू झडू लागतात आणि ते राखायला नुसते चालणे पुरत नाही. बाळासाहेबांनी चाळिशीत जे सुरू केले त्याने ही दोन्ही कलमे बऱ्याच अंशी साधत होती, संपूर्णपणे नव्हे. मनगट, गुडघे वा रक्तदाब ह्यांची तक्रार असणाऱ्यांनी तर राजांच्या उत्साहापेक्षा आपल्या डॉक्टरांचा सल्ला मानावा.

१९०९ साली बाळासाहेब गादीवर आले आणि नमस्कारांना राज्याचा आश्रय मिळाला. संस्थानातील शाळांत नमस्कार सक्तीचे झाले, मुलांना आणि मुलींनाही. मुलींनी पटांगणात व्यायाम करावा हीच गोष्ट त्या काळी पुष्कळांच्या पचनी पडणारी नव्हती. राजांनी ह्या बाबतीत आपल्या घरापासून सुरुवात केली होती. राणीसाहेब आणि मुले नमस्कार घालीत, त्यामुळे प्रजेला बोलायला जागा उरली नाही. सक्तीने व्यायामाची गोडी लागते का, हा प्रश्न आम्हांस पडतोच. काही मुलांनी तो आयुष्यभर सांभाळला असेल, काहींनी शाळा सुटताच सोडला असेल.

ह्या सक्तीच्या शेजारी त्यांच्या आयुष्यातली दुसरी एक मोठी घटना ठेवून पाहावी. १९३८ च्या अखेरीस ह्याच राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले आणि जानेवारी १९३९ मध्ये ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना अमलात आणली. तिच्या घडणीत महात्मा गांधींचा सल्ला, मॉरिस फ्रीडमन ह्या पोलंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याची तळमळ आणि राजपुत्र आप्पासाहेबांचा उत्साह ह्यांचा वाटा होता. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. औंध संस्थानातच वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी तिच्यावरून कथा रचली आणि व्ही. शांताराम ह्यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. राज्य सोडायला निघालेला हा पुरुष नमस्कारांविषयीचा आग्रह मात्र सोडीत नव्हता. आम्हांस ह्यात विसंगती दिसते, पण दोहोंमागची भावना एकच असावी : आपला भार आपल्याच हातापायांवर पेलता आला पाहिजे.

बाकीची कामे एकेकटीच एका आयुष्याला पुरावीत अशी. चित्ररामायण १९१६ साली प्रसिद्ध झाले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी भांडारकर संस्थेला एक लाख रुपयांचे साहाय्य त्यांनी देऊ केले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली, तेथे किर्लोस्करवाडी वसली. हैदराबाद, लाहोर अशी दूरची बिऱ्हाडे करून आलेल्या पंडित सातवळेकरांना १९१८ च्या सुमारास औंधात आसरा मिळाला. तेही नमस्कारांचे पुरस्कर्ते, आणि शंभरी ओलांडून १९६८ साली गुजरातेत पारडीस निवर्तले. देवीच्या डोंगरावरचे श्रीभवानी संग्रहालय १९३८ चे. रविवर्म्याच्या चित्रांबरोबर हेन्री मूरचे एक शिल्प तेथे भेटते, तेव्हा पाहणारा क्षणभर थबकतो.

नमस्कारांवर बाळासाहेबांनी मराठीत लिहिले आणि इंग्रजीतही. लुईझ मॉर्गन ह्या पत्रकर्तीने त्यांच्या पद्धतीचा परिचय इंग्लंडच्या वाचकांना करून दिला आणि १९३८ साली लंडनमध्ये तिने संपादित केलेले त्यांचे पुस्तक निघाले. दहा स्थिती म्हणून नावातही दहाचा उल्लेख. ज्या देशातून चाळीस वर्षांपूर्वी सँडोची साधने मागवली, त्याच देशाला ही परतफेड होती.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, बाळासाहेब गेले. सँडो त्यांच्याहून केवळ दीड वर्षाने मोठा. तो १९२५ मध्ये, साठीही न गाठता वारला. भक्तमंडळी ही तुलना हौसेने करतात, पण दोन माणसांच्या आयुष्यावरून दोन पद्धतींचा निवाडा होत नाही, आणि तो आम्ही करू इच्छीत नाही.

आप्पासाहेब पंत स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. पूर्व आफ्रिका, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त असा त्यांचा संसार देशोदेशी फिरला, आणि वडिलांचे नमस्कार त्यांच्याबरोबर फिरले. लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त असताना, १९७० साली, त्यांनी सूर्यनमस्कारांवर इंग्रजीत स्वतःचे पुस्तक प्रसिद्ध केले.