टकरीची चाहूल घेणारी गोळी

मोटारीची टक्कर होताच स्टिअरिंगमधून एअरबॅग बाहेर येते, हे आज सर्वांना ठाऊक असते. परंतु टक्कर झाली आहे, हे त्या पिशवीला सांगते कोण? या प्रश्नाचे स्वस्त आणि भरवशाचे उत्तर शोधणारे अमेरिकन अभियंते म्हणजे अ‍ॅलन ब्रीड.

ब्रीड यांचा जन्म १९२७ मध्ये शिकागो येथे झाला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. १९६१ मध्ये त्यांनी ब्रीड कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन केली. लष्करी दारूगोळ्याचे फ्यूज बनवणे हा तिचा व्यवसाय. हाताळताना पडला तरी गोळा फुटता कामा नये, डागल्यावर मात्र तो चेतलाच पाहिजे, अशी ही दुहेरी अट. एअरबॅगची अडचण नेमकी हीच होती.

मूळ कल्पना ब्रीड यांची नव्हे. अमेरिकेत जॉन हेट्रिक आणि जर्मनीत वॉल्टर लिंडरर यांना १९५३ मध्येच तिची पेटंटे मिळाली होती. घोडे अडले होते ते वेळेवर. समोरून टक्कर झाल्यावर पापणी लवण्याआधी, साधारण ३० मिलिसेकंदांत पिशवी फुगावी लागते.

ब्रीड यांनी १९६८ मध्ये तयार केलेला संवेदक दिसायला अगदीच साधा होता. एका नळीत पोलादी गोळी आणि तिला मागे धरून ठेवणारा चुंबक. गाडीचा वेग एकाएकी घटला की गोळी चुंबकापासून सुटून पुढे सरकते, टोकाच्या संपर्कपट्ट्यांना टेकते आणि सर्किट पूर्ण होते. वीज चेतकाकडे जाते, रसायन पेटते आणि त्यातून निघणारा वायू पिशवी फुगवतो. खरी खुबी गोळी आणि नळी यांच्यामधील अरुंद फटीत होती. तेथील हवा गोळीला अडवते. त्यामुळे खड्ड्याचा किंवा हातोडीचा क्षणिक दणका तिला टोकापर्यंत नेऊ शकत नाही. त्यासाठी वेगातील घट काही काळ टिकावी लागते. गणित न करताच ही गोळी हिशेब करत असे, असे म्हणायला हरकत नाही. शिवाय असे दोन संवेदक एकामागोमाग जोडले, की एकाच्या चुकीने पिशवी उघडत नसे.

मोटार कंपन्यांचा उत्साह मात्र बेताचाच होता. जनरल मोटर्सने १९७४ ते १९७६ दरम्यान सुमारे दहा हजार एअरबॅगवाल्या गाड्या विकून हा नाद सोडला. ब्रीड यांना बाजारपेठ मिळाली ती १९८० च्या दशकात, सरकारी नियमांमुळे. ताठ फुगलेल्या पिशवीनेच इजा होऊ नये, म्हणून फुगतानाच थोडा वायू बाहेर सोडणाऱ्या पिशवीचे पेटंट त्यांनी १९९१ मध्ये घेतले.

त्याच दशकात सिलिकॉनच्या चिपवरील त्वरणमापक आले. गोळीचे काम सूक्ष्म यंत्रणा आणि संगणकीय प्रणाली करू लागल्या. प्रश्न तोच राहिला, खड्डा की टक्कर? १९९९ मध्ये ब्रीड यांना अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. त्याच वर्षी कर्जात बुडालेल्या त्यांच्या कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि वर्षअखेरीस ब्रीड यांचे निधन झाले.